कुत्रा, लिफ्ट, सुई, उंची... भीती कमी करायची तर नेमकं काय काय करायचं

भिंतीवर पाल दिसली की खोलीतून पळ काढणारे, लिफ्ट समोर उभी असताना नऊ मजले चढून घामाघूम होणारे, रक्त तपासायची चिठ्ठी महिनोन्महिने पाकिटात घेऊन फिरणारे, असे लोक सगळीकडे असतात, फक्त कोणी बोलत नाही. बोललं की समोरचे हसतात, नाहीतर 'एवढं काय त्यात घाबरायचं' म्हणून लेक्चर देतात. आणि गंमत अशी की त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे त्या माणसालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं, डोक्याला पटलेलं असतं पण पाय ऐकत नाहीत. म्हणून 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' वगैरे ऐकवून कोणाची भीती गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

अशी भीती समजावून जात नाही, हळूहळू सामोरं जाऊन जाते. आणि 'सामोरं जा' हा नुसता सल्ला पण पुरेसा नाही, कारण चुकीच्या पद्धतीने सामोरं गेलात तर भीती आहे तिथेच राहते किंवा वाढते. पद्धत ठरलेली आहे, मानसोपचारात तिला एक्स्पोजर म्हणतात आणि साध्या फोबियावर पहिला उपाय म्हणून तीच वापरतात. तीच इथे सविस्तर लिहितोय.

आधी बघा, साधी भीती आहे की फोबिया

अनोळखी कुत्रा गुरगुरत अंगावर आला आणि काळजात धस्स झालं, यात काही गडबड नाही, ती भीती तुमच्या कामाची आहे. फोबिया म्हणायचा कधी? ती गोष्ट समोर आली की जवळजवळ दर वेळी भीती वाटते, खऱ्या धोक्याच्या मानाने ती फार जास्त असते, माणूस ती गोष्ट टाळत राहतो, हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललंय आणि त्याने रोजच्या आयुष्यात अडचण होतेय. डॉक्टर साधारण हेच बघतात. तुम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारा, या भीतीपायी मी काय काय करायचं सोडलंय? कोणाला साप आवडत नाहीत पण त्याचं काही अडत नाही, तर त्याने या भानगडीत पडूच नये. ज्याने दहाव्या मजल्यावर ऑफिस म्हणून नोकरी नाकारली त्याचं मात्र अडलेलं आहे.

आपण एकटेच असे नाही हेही लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्व्हेंमध्ये २२ देशांतला आकडा आला तो असा की शंभरातल्या साधारण सात जणांना आयुष्यात कधी ना कधी असा फोबिया होतो, आणि बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट. प्राण्यांची भीती बहुतेक वेळा लहानपणीच बसते, बंद जागेची किंवा गाडी चालवायची भीती बऱ्याच जणांना मोठेपणी लागते.

ती जात का नाही

इथे थोडा वेळ द्या, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं तुम्हाला छळ वाटेल.

लिफ्टपाशी गेलात, पोटात गोळा आला, छाती धडधडायला लागली, आणि तुम्ही वळून जिन्याने गेलात. वळल्याबरोबर काय झालं? सुटल्यासारखं वाटलं. ते जे हायसं वाटणं आहे ना तेच खरं दुखणं, कारण मेंदूने त्यातून हिशोब काय लावला तर 'लिफ्टमध्ये गेलो नाही म्हणून वाचलो'. लिफ्टमध्ये गेल्यावर काहीच झालं नसतं हे त्याला कळायची संधीच तुम्ही दिली नाही. पुढच्या वेळी तो अजून लवकर आणि अजून जोरात घाबरवणार. पहिल्यांदा भीती कशी बसली, लहानपणी कुत्रा चावला होता का, आई पालीला घाबरायची का, याचा शोध घ्यायला हरकत नाही पण तो लागला नाही तरी काही बिघडत नाही. भीती लागली कशी यापेक्षा ती टिकलीये कशी हे महत्त्वाचं, आणि ती टिकते टाळण्यावर.

हे उलटं फिरवता येतं हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलंय. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा, मग थोडा जवळ आणायचा, अधूनमधून सशाला न घाबरणारी दुसरी मुलं पण सोबत असायची. शेवटी तो ससा पीटरची बोटं कुरतडायचा आणि पीटरला त्याचं काही वाटायचं नाही. पुढे १९५०च्या दशकात जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी याचीच शिस्तशीर उपचारपद्धत बसवली, आणि आपण पुढे जी ० ते १०० मार्कांची पट्टी वापरणार आहोत ती पण त्यांचीच.

स्टेप १: भीती नेमकी कशाची ते खणून काढा

'मला लिफ्टची भीती वाटते' एवढ्यावर थांबू नका. कागद घ्या आणि स्वतःला विचारत जा, मग काय होईल? आणि मग? एकाचं उत्तर येतं दोर तुटेल, दुसऱ्याचं येतं अडकलो तर हवा संपून गुदमरेन, तिसऱ्याचं येतं मी घाबरून ओरडेन आणि लोक बघतील. भीती लिफ्टचीच पण तिघांना तपासून बघायच्या गोष्टी वेगळ्या. पहिल्याला माहितीचा थोडा उपयोग होतो, की लिफ्ट एकाच दोरावर लटकत नसते आणि वेग प्रमाणाबाहेर गेला तर रुळांना पकडणारा ब्रेक असतो, आणि दोर तुटला तरी लिफ्ट अडवून धरणारा ब्रेक अमेरिकेतल्या इलिशा ओटिस यांनी १८५०च्या दशकातच लोकांसमोर करून दाखवला होता. दुसऱ्याला हे सांगायचं की लिफ्टची खोली हवाबंद नसते. तिसऱ्याला यातलं काहीही सांगून फायदा नाही, कारण तो लिफ्टला नाही तर स्वतःच्या घाबरण्याला घाबरतोय.

माहिती एकदा नीट वाचा आणि मग बस करा. रोज रात्री अपघातांचे व्हिडिओ शोधत बसणं म्हणजे अभ्यास नव्हे.

स्टेप २: टाळण्याची यादी, आणि कुबड्यांची पण

काय टाळता ते बहुतेकांना सांगता येतं. पण अर्धवट टाळणं लपून बसलेलं असतं, त्याला मी कुबड्या म्हणतो. लिफ्टमध्ये जातो पण कोणीतरी सोबत हवं. जातो पण दाराला चिकटूनच उभा राहतो. फोनची रेंज आहे ना ते सारखं बघतो. खिशात गोळी ठेवतो, घेत नाही पण ठेवतो. डोळे मिटून आकडे मोजतो, कानात गाणी लावतो, पाण्याची बाटली नसेल तर घराबाहेरच पडत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत लांबचा रस्ता, लहान मुलाला मुद्दाम मधे चालवणं (हे लोक करतात आणि नंतर स्वतःलाच शिव्या घालतात). पालीच्या बाबतीत दिवा लावून आधी चारी भिंती तपासणं.

वरवर बघता हा माणूस भीतीला सामोरा जातोय, आणि तोच म्हणतो 'मी तर रोज लिफ्टने जातो तरी भीती जात नाही हो'. जाणार कशी? दर वेळी श्रेय कुबडीला जातं, 'बायको सोबत होती म्हणून निभावलं'. त्यामुळे ही यादी अगदी बारीकसारीक करा, लाज वाटेल अशा गोष्टी पण लिहा, तो कागद कोणाला दाखवायचा नाहीये. सुरुवातीच्या पायऱ्यांना एखाद-दुसरी कुबडी चालेल, पण ती कोणत्या पायरीवर सोडायची हे आत्ताच ठरवून टाका.

स्टेप ३: शिडी बनवा

आता प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० मार्क द्यायचे. ० म्हणजे एकदम निवांत, १०० म्हणजे पाचावर धारण बसली. २०-२५ मार्कांपासून सुरुवात करून दहा-पंधरा पायऱ्या काढा. कुत्र्याची भीती असलेल्या माणसाची शिडी साधारण अशी होऊ शकते:

कुत्र्याचं चित्र शांतपणे बघणं – २०
कुत्र्यांचे व्हिडिओ, आवाज चालू ठेवून – ३०
पट्टा बांधलेला कुत्रा रस्त्याच्या पलीकडून जाताना थांबून बघणं – ४०
ओळखीच्यांचा शांत कुत्रा, मालकाने धरलेला, दहा पावलांवर – ५०
तोच कुत्रा, तीन पावलांवर – ६०
मालकाने धरलेलं असताना पाठीवर हात ठेवणं – ७०
त्याला स्वतः पट्टा धरून थोडं फिरवणं – ८०
एका खोलीत तो मोकळा असताना बसून राहणं – ९०
तेच, पण दुसऱ्या आणि थोड्या दांडगट कुत्र्यासोबत – ९५

मार्क तुमचे तुम्ही द्यायचे, एखाद्याला व्हिडिओच ६० वाटेल, मग त्याच्याआधी अजून पायऱ्या घाला. दोन पायऱ्यांत मोठी उडी असेल तर मधे एक घुसवा, अंतर कमी करा, वेळ कमी करा, काचेच्या पलीकडून करा. आणि एक महत्त्वाचं, खरोखर धोक्याची गोष्ट शिडीवर येता कामा नये. अनोळखी मोकाट कुत्र्याला हात लावणं, कठड्याबाहेर वाकणं, विषारी असू शकेल असा साप हाताळणं, हे ज्यांना भीती वाटत नाही त्यांनी पण करू नये.

स्टेप ४: प्रत्यक्ष करताना

सुरू करायच्या आधी एक ओळ लिहा, मला काय होईल असं वाटतंय आणि किती टक्के खात्रीने. 'तीन पावलांवर गेलो की कुत्रा झेप घेणार, ७० टक्के.' ही ओळ लोक आळसाने गाळतात, पण सगळ्या उपद्व्यापात सगळ्यात जास्त काम तीच करते. कारण नंतर कुत्रा जांभई देऊन झोपला की लिहिलेलं आणि घडलेलं यातला फरक डोळ्यासमोर राहतो. मिशेल क्रास्के यांच्यासारख्या संशोधकांचा हल्लीचा भर यावरच आहे, की त्या वेळात भीती किती उतरली यापेक्षा तुमचा अंदाज किती खोटा ठरला हे जास्त मोलाचं.

मग त्या पायरीवर उभे राहा आणि राहा. निदान अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा. सुरुवातीला मार्क वर जातील, छाती धडधडेल, घाम येईल, तळहात ओले होतील, यातलं काहीही चुकत नाहीये, शरीरात ॲड्रेनॅलिन सुटलंय एवढंच. बहुतेकांचं ते थोड्या वेळात आपोआप खाली येतं. नेमकं चढत असताना, शेंड्यावर असताना पळालात तर परत तेच हायसं वाटणं आणि परत तोच धडा. अगदीच नाही झालं तर घरी पळू नका, एक पायरी खाली या, तिथे थांबा, आणि जमलं तर पुन्हा वर चढा.

लक्ष कुठे ठेवायचं? समोरच्या गोष्टीवर. कुत्र्याकडे बघा, त्याचा रंग, कान, तो काय हुंगतोय, मोठ्याने बोललात तरी चालेल, 'मी घाबरलोय, छातीत धडधडतंय, कुत्रा बसलाय'. मनात भलतंच काहीतरी आळवत, दात-ओठ आवळून वेळ काढला तर तो वेळ फुकट जातो. दीर्घ श्वासाचं सगळेच सांगतात पण त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. घाबरून भराभर श्वास घेतला जातो आणि त्यानेच गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, तेव्हा श्वास हळू करणं, सोडताना जास्त वेळ घेणं, याने आराम पडतो, खरंय. पण 'श्वास केला म्हणून वाचलो' झालं की ती पण कुबडीच झाली.

झाल्यावर पुन्हा कागद. काय घडलं, अंदाज किती चुकला, मार्क किती. तीच पायरी दुसऱ्या दिवशी परत. अंदाजाची टक्केवारी घसरली आणि पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढे जा. आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड केलेलं बरं, मधे फार दिवस गेले की मन परत भीतीची उजळणी करून ठेवतं.

स्टेप ५: जागा बदला, वेळ बदला, माणसं बदला

एका कुत्र्याशी दोस्ती झाली म्हणजे कुत्र्यांची भीती गेली असं मेंदू मानत नाही. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकवण बसते, आणि नवीन जागी गेलं की जुनी पहिली उठते. म्हणून वेगवेगळे कुत्रे, वेगवेगळ्या वेळा, वेगवेगळ्या लिफ्ट, काचेची, जुनाट, गर्दीची, रिकामी, आणि सोबतीशिवाय. कुबड्या काढायचा खरा हंगाम हाच.

रक्त आणि सुईवाल्यांनी इथे थांबा

बाकी सगळ्या भीत्यांमध्ये रक्तदाब वाढतो, त्यामुळे 'मी घाबरून चक्कर येऊन पडेन' ही कल्पना बहुतेक वेळा खरी ठरत नाही. रक्त, जखम, इंजेक्शन यांचं मात्र वेगळं असतं, इथे आधी नाडी आणि रक्तदाब वाढतो आणि मग झपकन खाली येतो, त्यामुळे यातले बरेच जण खरोखर बेशुद्ध पडतात. अशा माणसाला 'अंग सैल सोड, रिलॅक्स हो' सांगणं म्हणजे त्याला पडायला मदत करणं.

यांच्यासाठी उलटा उपाय आहे, अंग ताणायचा. लार्स-गोरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात तो नीट बसवला. खुर्चीत बसा, हात, पाय, पोट असे मोठे स्नायू एकदम घट्ट आवळा आणि चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत, म्हणजे १०-१५ सेकंद, तसेच धरा. श्वास कोंडू नका. मग सोडा, पण पूर्ण ढिले पडू नका, नेहमीसारखे बसा, २०-३० सेकंद. असं पाच वेळा. आठवडाभर दिवसातून काही वेळा सराव करा आणि मग शिडी चढायला घ्या, सुईचं चित्र, रिकामी सिरिंज हातात घेणं, दुसऱ्याचं रक्त काढताना बघणं, मग स्वतःचं. डोळ्यापुढे अंधारी आल्यासारखं वाटलं की लगेच ताणायला लागा. सुई ज्या हातात टोचायची तो हात मात्र सैल ठेवायचा. आणि रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा की मला चक्कर येते, ते तुम्हाला आडवं झोपवून घेतील, त्यात कसलाही कमीपणा नाही. ब्लड प्रेशर, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर हा ताणायचा प्रकार डॉक्टरांना विचारूनच.

इतर भीत्यांचं थोडक्यात

उंचीला शिडी सरळसोट लागू होते, दुसरा मजला, तिसरा, मग कठड्यापासून चार पावलं, दोन पावलं, मग कठड्याला हात न लावता. पाण्याची भीती असेल आणि पोहता येत नसेल तर ती निम्मी रास्तच आहे, शिकवणाऱ्यासोबत उथळ पाण्यात सुरुवात करा. विमानाची अडचण अशी की आठवड्यातून चार वेळा उडता येत नाही, म्हणून डोळे मिटून प्रवास सविस्तर कल्पनेत आणणं, आवाजाच्या रेकॉर्डिंग ऐकणं, कुठे सोय असेल तर व्हीआर (डोळ्यांवर चष्मा लावून प्रसंग खरा असल्यासारखा दाखवणारं तंत्र), हे आधी आणि प्रत्यक्ष प्रवास नंतर.

चारचौघात बोलायची भीती, जिथे बोबडी वळते, तिचं मूळ 'लोक काय म्हणतील' यात असतं. तिथली कुबडी म्हणजे शब्दन् शब्द पाठ करणं, खाली बघून वाचणं, घाईघाईत संपवणं. मुद्दाम एकदा अडखळून बघा, मधे तीन सेकंद गप्प राहून बघा, आणि समोरच्यांचे चेहरे खरंच बघा. बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नसतं.

लहान मुलांची भीती

मुलाला उचलून कुत्र्यासमोर नेणं किंवा गंमत म्हणून खोटी पाल अंगावर टाकणं याला उपाय म्हणत नाहीत, आणि ज्यांना हे विनोदी वाटतं त्यांना या विषयात सल्ला द्यायचा अधिकार नाही असं माझं स्पष्ट मत. पण दुसरं टोक पण वाईट, मूल कुरकुरलं की लगेच उचलून घेऊन दूर जाणं. पायरी मुलाला निवडू द्या, पायरीवर थांबल्याचं कौतुक करा, घाबरला नाही याचं नको. आणि तुम्ही स्वतः किंचाळत असाल तर आधी तुमची शिडी, कारण मुलं बघून शिकतात. मोठ्या माणसाला मदत करताना पण हेच, पुढची पायरी कधी ते तो ठरवणार, फसवून एकदम शंभरवर न्यायचं नाही.

गोळी, दारू आणि डॉक्टर

सराव करताना झोपेची किंवा शांत करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, दारूचं तर नावच नको. त्या वेळेपुरती भीती दबते पण शिकणं पण दबतं. डॉक्टरांनी आधीपासून अशी गोळी दिली असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, ते धोक्याचं असू शकतं, त्यांना विचारून काय ते करा.

काही कारण नसताना अचानक घाबरण्याचे झटके येत असतील, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, भीती एखाद्या भयंकर प्रसंगानंतर सुरू झाली असेल आणि तोच प्रसंग डोळ्यापुढे येत असेल, सोबत खूप उदास वाटत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हे एकट्याने करायचं काम नाही. छातीत दुखणं, दम लागणं पहिल्यांदाच होत असेल तर ती भीतीच आहे असं धरून बसू नका, आधी तपासून घ्या. सुईच्या भीतीने गरजेचे उपचार राहिले असतील तरी वाट बघू नका.

सायकॉलॉजिस्टकडे गेलात तर सरळ विचारा, तुम्ही फोबियासाठी एक्स्पोजर करून घेता का आणि ते कसं. फक्त बोलत बसायचं असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. अंग ताणायचा उपाय बसवणाऱ्या ऑस्ट यांनीच एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत करायची पद्धतही मांडली आहे, ती प्राण्यांच्या वगैरे फोबियावर चांगली चालते, म्हणजे वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतील असं काही नाही.

परत आली तर

येते कधीकधी. आजारपण, टेन्शन, मधे बरेच महिने लिफ्टशी संबंधच न येणं, आणि मग एक दिवस परत पोटात गोळा. याचा अर्थ सगळं पाण्यात गेलं असा नाही. जुना कागद काढा, जिथे आज ४० मार्क वाटतील त्या पायरीवर जा आणि तिथून चढा, दुसऱ्या वेळी सहसा पहिल्याइतका वेळ लागत नाही. आणि सगळं सुरळीत असताना पण जिना-लिफ्ट दोन्ही समोर असतील तर अधूनमधून मुद्दाम लिफ्ट घ्या, एकट्याने, फोन खिशात ठेवून.